वसईतलं घर आणि त्याखालची जमीन

वसईत फ्लॅट बघायला येणारं कुटुंब तीन गोष्टी हमखास विचारतं: स्टेशन किती लांब, शाळा कोणती, पाणी किती वेळ येतं. ही जमीन शेतीची बिनशेती केव्हा झाली आणि त्या वेळी बांधकामाला परवानगी द्यायचा अधिकार कोणाकडे होता, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. ग्रामपंचायत, सिडको (राज्य सरकारचं शहरविकास महामंडळ) की महापालिका, या एका उत्तरावर पुढचं कर्ज, नळाचं पाणी, पुनर्विकास आणि प्रसंगी घरावरचं छप्परही अवलंबून असतं.

नकाशात वसई तालुका जवळपास बेटच दिसतो. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर. किल्ल्यापासून भुईगाव, निर्मळ, आगाशीवरून अर्नाळ्यापर्यंत जाणारा पश्चिम पट्टा वाड्यांचा. केळी, नागवेलीची पानं, फुलं, भाजी हे इथलं पीक. वाडवळ आणि कुपारी या स्थानिक समाजांतल्या कुटुंबांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घेतलं. ही शेती तगली ती बावखलांवर. बावखल म्हणजे वाडीत खोदलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि समुद्राजवळच्या वाळूत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. हा थर जाड असेल तोवर विहीर गोडी. रेल्वेच्या आजूबाजूला आणि पूर्वेला मात्र भातशेती, खाजणं (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खारजमिनी) आणि मिठागरं. जमीन सखल, भरतीच्या पाण्याच्या पातळीच्या जवळची. आजची बहुतेक वस्ती याच सखल भागावर उभी आहे.

तिथे वस्ती जाण्याचं कारण रेल्वे. विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली आणि विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ मध्ये पोहोचली. रेल्वेचा मार्ग जुन्या वसई गावातून गेला नाही. किल्ला, कोळीवाडे आणि बाजारपेठ एका टोकाला, वसई रोड स्टेशन सहा-सात किलोमीटर आत, नवघर आणि माणिकपूर या खेड्यांच्या शिवारात. २००१ च्या जनगणनेत ऐतिहासिक वसई शहराची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती, तर नवघर-माणिकपूरची लाखाच्या वर. म्हणजे मुंबईकर ज्याला ‘वसई वेस्ट’ म्हणतो ते बहुतांशी माणिकपूर. वसई गावातल्या माणसाला हे ऐकून अजूनही थोडी गंमत वाटते.

मुंबईत भाडे नियंत्रणामुळे भाड्याची नवी घरं बांधणं थांबलं होतं. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मोकळी जमीनही अडकली. गिरगाव-दादरच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून बाहेर पडणाऱ्यांपुढे डोंबिवली आणि वसई-विरार हे परवडणारे पर्याय उरले. तेव्हा इथल्या इमारती तळमजला अधिक तीन किंवा चार अशा, बिनलिफ्टच्या. अनेकींना परवानगी ग्रामपंचायतीची. पंचायतीचा अधिकार गावठाणापुरता आणि मर्यादित, पण कागदावर सरपंचाची सही आणि शिक्का असला की घेणाऱ्याला पुरेसं वाटायचं.

१९८८ मध्ये सरकारने या पट्ट्यातली मोठी शेतजमीन विकासासाठी खुली केली. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचा चेहरा झाले. पश्चिम पट्ट्यात आज ज्या वाड्या शिल्लक दिसतात त्यात या आंदोलनाचा वाटा मोठा. १९९० मध्ये सिडकोला इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. सिडको असेपर्यंत अधिसूचित क्षेत्रात बांधकाम परवानगी सिडकोची लागायची, नुसती पंचायतीची चालायची नाही. गोम अशी की नियम बदलला तरी सवय बदलली नाही. सिडकोच्या काळात पंचायतीच्या कागदावर उभ्या राहिलेल्या इमारती हा आजच्या अनधिकृत बांधकामांचा सर्वांत जुना थर.

विकास आराखडा मंजूर व्हायला २००७ उजाडलं. बोरिवली-विरारदरम्यान रेल्वेचे चार मार्ग पूर्ण झाले तेही त्याच वर्षी, आणि मागणी एकदम वाढली. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. बऱ्याच गावांना महापालिका नको होती. त्यातली २९ गावं वगळायचा निर्णय २०११ मध्ये झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. या गावांमधल्या व्यवहारात, परवानगीच्या तारखेला नियोजन प्राधिकरण कोण होतं, हे लेखी तपासावंच लागतं.

आता कागदांकडे. पहिला कागद सातबारा, पण एकटा सातबारा पुरत नाही. त्यावरच्या फेरफार क्रमांकांच्या, म्हणजे हक्कात झालेल्या बदलांच्या, नोंदी काढून वाचाव्या लागतात, किमान तीस वर्षं मागे. ‘भोगवटादार वर्ग २’, म्हणजे अटींसह धारण केलेली जमीन, असं दिसलं तर हस्तांतराला सरकारची परवानगी लागते. पूर्वेकडच्या गावांत आदिवासी खातेदारांच्या जमिनी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ नुसार त्या बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ शकत नाहीत. इमारत दहा वर्षं उभी असली तरी हा दोष आपोआप मिटत नाही. बंगल्यासाठी वाडीचा तुकडा घेणाऱ्यांसाठी आणखी एक अट: शेतजमीन कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकऱ्यालाच घेता येते. गावठाणात सातबारा नसतोच, वसई गावात अनेक ठिकाणी मालमत्ता पत्रक पाहावं लागतं.

दुसरी जोडी सीसी आणि ओसीची, म्हणजे बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र. सीसी अनेकदा टप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग वरचे मजले. फसगत इथे होते. चार मजल्यांची सीसी आणि पाचवा मजला विक्रीला, हा नेहमीचा प्रकार. म्हणून मंजूर नकाशात आपला फ्लॅट क्रमांक, विंग आणि मजला प्रत्यक्ष शोधावा. २०२३ मध्ये विरार पोलिसांनी उघड केलेल्या प्रकरणात तर सीसी आणि ओसी दोन्ही बनावट होत्या, शिक्के आणि लेटरहेडसकट. तेव्हा बिल्डरने दिलेली झेरॉक्स हा पुरावा नाही. परवानगीचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात, सिडकोच्या काळातली असेल तर सिडकोच्या नोंदीशी, ताडून पाहणं हाच उपाय. अर्ज माहिती अधिकारात केला तर उत्तर लेखी मिळतं.

घरपट्टीची पावती आणि वीजबिल दाखवून ‘सगळं अधिकृत आहे’ असं सांगणारे एजंट प्रत्येक नाक्यावर भेटतात. अनधिकृत इमारतीलाही घरपट्टी लागते. उलट पावतीत अनधिकृत बांधकामाच्या ‘शास्ती’चा, म्हणजे दंडाचा, रकाना भरलेला दिसला, तर महापालिकेनेच बांधकाम अनधिकृत धरलं आहे असा त्याचा अर्थ. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. तिथल्या घरांतही पावत्या होत्या, माणसं वर्षानुवर्षं राहत होती.

मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, आहे. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असल्या की प्रकल्पाची नोंदणी सक्तीची, आणि करार नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. छोट्या भूखंडावरच्या इमारती मर्यादेखाली राहून निसटतात. तिथे नोटरीसमोरचं साठेखत (विक्रीचा करार) हातात ठेवलं जातं. नोंदणीकृत करार आणि सूची क्रमांक २ (त्या नोंदणीचा उतारा, ‘इंडेक्स टू’) नसेल तर पुढे विकताना गिऱ्हाईक मिळतं, पण त्याला बँकेचं कर्ज मिळत नाही.

किनाऱ्यालगत, म्हणजे राजोडी, कळंब, भुईगाव, रानगाव या बाजूला, सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा, आणखी एक पदर आहे. १९९१ ची पहिली अधिसूचना, मग २०११ आणि २०१९ च्या. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा त्यात येतो. गावाची वर्गवारी काय यावर त्यातला ना-विकास भाग ठरतो. २०१९ च्या नियमात दाट वस्तीच्या ग्रामीण भागात तो ५० मीटर, विरळ वस्तीत २०० मीटर. कांदळवन असेल तर त्याभोवतीचे ५० मीटरही मोकळे. खाडीकाठीही सीआरझेड लागू आहे, हे पूर्वेकडे घर घेणारे विसरतात. समुद्र दिसत नाही म्हणून सीआरझेड नाही, असं होत नाही.

पाण्याचं गणित प्रत्येकाने स्वतः करावं. माणशी १३५ लिटर धरले तर चार माणसांच्या ४० घरांना रोज २१,६०० लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी टँकर दोनांहून थोडे जास्त. उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही जवळची धरणं छोटी. मुख्य भिस्त सूर्या प्रकल्पावर. सूर्याच्या नव्या प्रादेशिक योजनेत वसई-विरारचा वाटा दिवसाला १८.५ कोटी लिटरचा आहे. पण पाणी शहरात येणं वेगळं आणि सोसायटीत येणं वेगळं. ओसी नसलेल्या इमारतीला नळजोडणी मिळायला अडते, मग टँकर. मासिक देखभाल खर्चात टँकरचं बिल किती, हे सोसायटीच्या मागच्या एप्रिल-मेच्या हिशेबात दिसतं, ऑगस्टच्या नाही. टँकरचं पाणी बरंचसं पश्चिमेच्या विहिरींतलं. उपसा वाढला तसा तो गोडा थर पातळ झाला आणि काही वाड्यांच्या विहिरी मचूळ झाल्या. बावखलं बुजवणं आणि टँकर भरणं, दोन्ही एकाच वेळी चाललं.

त्याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. डोंगरावरून उतरणारं पाणी मिठागरं आणि खाजणांत पसरायचं, ओहोटीला खाडीत जायचं. मध्ये रेल्वेचा भराव, त्यात मोजक्या मोऱ्या, आणि खाजणांवर मातीची भरणी. जुलै २०१८ मध्ये मोठा पाऊस झाला तेव्हा लोकल थांबल्या, वीज गेली, मिठागरातली वस्ती अडकली. त्यानंतर महापालिकेने कारणं शोधायला नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि आयआयटी मुंबईची समिती नेमली.

घर घेणाऱ्याने याची पडताळणी करायला अर्धा दिवस पुरतो. गूगल अर्थवर जुन्या उपग्रहचित्रांची पट्टी मागे सरकवली की भूखंडावर पूर्वी शेत होतं, मिठागर होतं की बावखल, ते दिसतं. मग भरतीची वेळ बघून पावसात एकदा तिथे जावं आणि तळमजल्यावरच्या वाण्याला २०१८ मध्ये पाणी कुठल्या फळीपर्यंत चढलं होतं ते विचारावं. जिन्याखालच्या मीटरपेट्या त्या खुणेच्या वर आहेत की खाली, तेही बघून घ्यावं.