हातातली डबी आणि रिपोर्टवरचं नाव
(बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी शरीरातून काढलेला तुकडा घेऊन येणाऱ्या रुग्णांसाठी व नातेवाइकांसाठी माहितीपत्रक)

ऑपरेशन झालं, नर्सबाईंनी हातात एक डबी ठेवली आणि सांगितलं, "हे लॅबला नेऊन द्या." उदगीर, निलंगा, अहमदपूर, अंबाजोगाईकडून आमच्याकडे लातूरला येणाऱ्या बहुतेकांना एवढंच माहीत असतं. काही दिवसांनी रिपोर्ट मिळतो तेव्हा त्यावरचं लांबलचक नाव वाचून घाबरगुंडी उडते. त्या नावात नेमकं काय लिहिलेलं असतं, ते समजावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. औषधोपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यात आम्ही पडत नाही.

आधी डबी

डबीतलं पाणी म्हणजे फॉर्मालिन. तुकडा शरीराबाहेर आला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्यातल्या पेशी स्वतःच्याच रसांनी विरघळायला लागतात. फॉर्मालिन ही नासाडी थांबवतं, पण ते तुकड्यात फार सावकाश मुरतं, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून ते तुकड्याच्या किमान दहापट हवं आणि तुकडा पूर्ण बुडालेला हवा. डबी रुंद तोंडाची घ्या. मऊ तुकडा बारीक तोंडाच्या बाटलीत दाबून बसतो, पण फॉर्मालिनने कडक झाल्यावर तो बाहेर निघत नाही. नुसतं पाणी, सलाइन किंवा स्पिरिट चालत नाही. बर्फ तर मुळीच नको, कारण पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फुटतात आणि मग आम्हाला काहीही ओळखता येत नाही. डबी फ्रिजमध्ये ठेवायचीही गरज नाही. एप्रिल-मे महिन्यात मात्र ती गाडीत काचेपाशी उन्हात ठेवू नका. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, वासही घेऊ नका, डोळे चुरचुरतात.

नाव डबीवर लिहा, झाकणावर नको. झाकणांची अदलाबदल होते.

एक अपवाद आहे. टीबीची शंका असेल तर डॉक्टर कधी कधी दोन डब्या देतात, एक फॉर्मालिनची आणि एक सलाइनची. सलाइनमधल्या तुकड्यातून जंतू वाढवून पाहायचे असतात आणि फॉर्मालिनने जंतू मरतात. त्यामुळे "दोन कशाला" म्हणून दोन्ही तुकडे एकाच डबीत घालू नका.

रिपोर्टला दिवस का लागतात

तुकडा आधी डोळ्यांनी पाहून, मापं घेऊन त्यातले नेमके भाग कापले जातात. मग रात्रभर अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, झायलीनने अल्कोहोल काढायचं आणि त्या जागी सुमारे ६० अंशांवर वितळलेलं पॅराफिन मेण भरायचं. मेणाची वडी थंड झाली की मायक्रोटोम नावाच्या पात्याच्या यंत्रावर तिचे तीन ते पाच मायक्रॉनचे काप काढतो. एका मिलिमीटरमध्ये असे दोन-तीनशे काप बसतात. काप काचेवर घेतल्यावर तो रंगवायला दोन रंग लागतात. हिमॅटॉक्सिलिनने पेशीचं केंद्रक निळं दिसतं आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. हिमॅटॉक्सिलिन मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडच्या एका झाडाच्या लाकडातून काढलेलं आहे.

हाडाचा तुकडा असेल तर त्यातलं कॅल्शियम आम्लात काढून टाकल्याशिवाय पातं चालत नाही. त्यात आणखी काही दिवस जातात. अशा वेळी रोज फोन करून उपयोग नाही, आम्लाला घाई कळत नाही.

काचेखाली आम्ही काय पाहतो

शरीर कितीही गुंतागुंतीचं असलं तरी ते चारच प्रकारच्या ऊतींचं बनलेलं आहे. एका कामासाठी एकत्र आलेल्या पेशी आणि त्यांच्या भोवतालचा पदार्थ म्हणजे ऊती. अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता हे ते चार प्रकार. शाळेच्या विज्ञानात हा भाग असतो, घरात कोणी बारावीला किंवा नीटच्या तयारीला असेल तर त्याला विचारा, तोंडपाठ असेल. फ्रान्सच्या झेवियर बिशा यांनी १८००च्या सुमारास सूक्ष्मदर्शक न वापरता ऊतींचे २१ प्रकार सांगितले होते. पुढे ते आवरून चारांवर आले.

आजाराला नाव मिळतं ते बहुतेक वेळा यावरून, की बिघाड चारांपैकी कुठल्या ऊतीत सुरू झाला.

अभिस्तर म्हणजे आतलं-बाहेरचं अस्तर. कातडी, गालाच्या आतली बाजू, अन्ननलिका, आतडं, श्वासनलिका, मूत्राशय, आणि ग्रंथीसुद्धा. जिथे घासण होते तिथे, म्हणजे कातडीत आणि तोंडात, चपट्या पेशींचे थरावर थर असतात. फुफ्फुसाच्या फुग्यांत हवा आरपार जायची असते, म्हणून तिथे एकच पातळ थर. आतड्यात उंच खांबासारख्या पेशी, त्या चार-पाच दिवसांत बदलून नव्या येतात. रिपोर्टमधला 'स्क्वॅमस' शब्द चपट्या पेशींसाठी आणि 'अ‍ॅडिनो' ग्रंथीच्या पेशींसाठी. अभिस्तरातून निघालेल्या कॅन्सरला 'कार्सिनोमा' म्हणतात. मोठ्या माणसांतले बहुतेक कॅन्सर याच घरचे, कारण सतत नव्या होणाऱ्या पेशी इथेच आणि तंबाखू-धूर-उन्हाचा मारही पहिल्यांदा इथेच.

या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या तळाशी एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, शेताच्या बांधासारखा. पेशी बिघडल्या पण बांधाच्या आतच असल्या तर रिपोर्टमध्ये 'इन सिटू' लिहितात. रक्तवाहिन्या पलीकडे असल्यामुळे आजार अजून कुठे गेलेला नसतो. बांध ओलांडला की 'इन्व्हेजिव्ह'. एका शब्दाचा फरक, पण उपचार पार बदलतात. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवा.

गर्भाशयाच्या तोंडाशी खांबासारख्या आणि चपट्या पेशींची हद्द मिळते आणि तिथला कॅन्सर बहुधा त्या हद्दीवरच सुरू होतो. धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनेही या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झाले, हा त्याचा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. आपल्याच भागातल्या बायकांमुळे जगाला हे कळलं, आणि आपल्याच भागात ही तपासणी करून घ्यायला अजून लाजतात, हे बरं नाही.

संयोजी ऊती आधार देते, जोडते, भरते. हाड, कूर्चा, चरबी, हाडाला हाड बांधणारा अस्थिबंध, स्नायूला हाडाशी बांधणारा कंडरा, आणि ऐकून नवल वाटेल, पण रक्तसुद्धा. यात पेशी विरळ आणि मधला पदार्थ जास्त. तो हाडात टणक, रक्तात पातळ. चरबीची एक गंमत सांगतो. झायलीनने सगळी चरबी विरघळून जाते, म्हणून काचेखाली चरबीच्या जागी रिकाम्या खोल्यांची जाळी उरते. पाठीवर, खांद्यावर हाताला सरकणारी मऊ गाठ असते ती पुष्कळदा 'लायपोमा' निघते, म्हणजे चरबीची साधी गाठ.

सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू उघडेनासं होतं, तेव्हा बिघाड अभिस्तराच्या खालच्या संयोजी ऊतीत असतो. तिथे कोलॅजन नावाच्या तंतूंचे जाड पट्टे साचतात आणि गाल आतून ताठ होतो. रिपोर्टमध्ये 'सबम्युकस फायब्रोसिस' लिहिलेलं असतं. तो कॅन्सर नव्हे, पण पुढे वरच्या अभिस्तरात कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आमच्याकडे येणारे असे तुकडे काही थांबले नाहीत.

संयोजी ऊतीतून किंवा स्नायूतून निघालेला कॅन्सर म्हणजे 'सार्कोमा', हा मोठ्या माणसांत दुर्मीळ. रक्तपेशींचा 'ल्युकेमिया', लसीका (रोगाशी लढणाऱ्या) पेशींचा 'लिम्फोमा'.

स्नायू तीन तऱ्हेचे. हातापायांचे आपल्या मर्जीने चालतात. आतडं, गर्भाशय, रक्तवाहिन्यांचे गुळगुळीत स्नायू आपल्याला न विचारता चालतात. हृदयाचा स्नायू तिसरा. तो मेला की जवळजवळ पुन्हा उगवत नाही, त्या जागी संयोजी ऊतीचा व्रण भरतो, म्हणून झटक्यानंतर हृदयाची ताकद कमी होते. आमच्याकडे स्नायूची सगळ्यात जास्त येणारी गाठ गर्भाशयाची, 'लायोमायोमा', म्हणजेच फायब्रॉइड. ती साधी गाठ असते.

पिशवी काढलेल्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशवीच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली गेली पाहिजे आणि तिचा रिपोर्ट तुमच्या हातात पडला पाहिजे. कशासाठी काढली, हे त्यात कळतं. डिस्चार्जच्या वेळी तो मागून घ्या. मागायला संकोच नको, पैसे तुम्ही भरलेले असतात.

चेता ऊतीचे तुकडे आमच्याकडे कमी येतात. मेंदू, मज्जारज्जू आणि नसा. कमरेपासून पावलापर्यंत जाणारा एकेका पेशीचा धागा जवळपास मीटरभर लांब असू शकतो. या पेशींना सांभाळणाऱ्या आधारपेशी वेगळ्या असतात आणि मेंदूतच सुरू होणारे पुष्कळसे कॅन्सर त्यांच्यातून निघतात, त्यांना 'ग्लायोमा' म्हणतात.

नाव वाचताना

शेवटी 'कार्सिनोमा' किंवा 'सार्कोमा' नसून नुसतं 'ओमा' असेल तर बहुधा साधी गाठ. पण 'लिम्फोमा', 'मेलॅनोमा' (कातडीतल्या रंगपेशींचा) आणि बहुतेक 'ग्लायोमा' यांना हा नियम लागू नाही, ते कॅन्सरच. म्हणून शेवटच्या अक्षरांवरून घरी निकाल लावू नका. 'वेल डिफरन्शिएटेड' म्हणजे बिघडलेल्या पेशी अजून मूळ ऊतीसारख्या दिसतात, 'पुअरली' म्हणजे त्यांची मूळ ओळख पुसत चालली आहे.

"गाठीला हत्यार लावलं की ती पसरते" असं गावाकडे अजून म्हणतात. योग्य पद्धतीने घेतलेल्या बायोप्सीची ही भीती बाळगू नका. काही मोजक्या जागी सुई घालायची नसते, ते डॉक्टरांना माहीत असतं. नुकसान होतं ते सहा-सहा महिने झाडपाला लावून वाट पाहण्यात.

मेणाची वडी, म्हणजे ब्लॉक, आमच्याकडे जपून ठेवलेली असते. बार्शीला, मुंबईला टाटाला किंवा दुसरीकडे मत घ्यायला जाणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. ब्लॉक, काचा आणि रिपोर्टची प्रत असं तिन्ही मागून न्या. येताना मूळ पावती आणि रुग्णाचं ओळखपत्र आणा, दुसरं कोणी येणार असेल तर रुग्णाच्या सहीची चिठ्ठी. ब्लॉक उन्हात मऊ होतो, एसटीत खिडकीपाशी ठेवू नका.