पाच किलोचा मासा आणि वीस किलोचा हात

जिगिंगसाठी, म्हणजे बोटीतून धातूचं वजनदार आमिष (जिग) खोल सोडून झटके देत मासा पकडायला, रॉड-रील घ्यायला गेलात की दुकानदार पहिलं काय सांगतो, "ड्रॅग बघा साहेब, पंचवीस किलो!" ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक, मासा किती जोराने ओढला की दोरी सुटेल ते ठरवणारा. आपण खूश. मीपण खूश झालो होतो. वर आठ फुटी जाड रॉड घेतली, लांब रॉड म्हणजे जोर जास्त असा माझा हिशोब. दोन तासांत कंबर धरून बसलो.

कारण रॉड ही तरफ आहे आणि ती माशाच्या बाजूने काम करते. बुड पोटाशी टेकवलंय, हात त्याच्यापासून ४५ सेंटीमीटरवर, टोक १.८ मीटरवर, म्हणजे सहा फुटी रॉड आडवी धरली तर मासा ५ किलोने ओढत असताना हाताला वीस किलो उचलावे लागतात (५ गुणिले १.८ भागिले ०.४५, करून बघा). आता तीच रॉड मधूनच छान वाकली आणि दोरी बुडापासून ९० सेंटीमीटरवरून खाली उतरायला लागली तर हाताला फक्त दहा किलो. म्हणून खोल पाण्यातल्या रॉडी आखूड आणि वाकणाऱ्या असतात, नाजूक दिसल्या तरी घाबरायचं नाही.

आता रील. ओव्हरहेड रीलमध्ये दोरी सरळ स्पूलवर (ती गुंडाळायच्या रिळावर) येते, स्पिनिंगमध्ये ती रोलरवरून काटकोनात वळते आणि तिथे थोडा जोर खर्च होतो, त्यामुळे सरळ खाली सोडायचं असेल तर मी ओव्हरहेडच घेईन. गिअर मात्र नीट बघा. स्पूलचा व्यास ५ सेंटीमीटर आणि गिअर ५:१ (हँडलची एक फेरी, स्पूलच्या पाच) असेल तर हँडलच्या एका फेरीत साधारण ७८ सेंटीमीटर दोरी येते, ७५ मीटरवरून जिग वर आणायला शंभरेक फेऱ्या. मग ८:१ घेऊ की, असं वाटतं ना? पेडर रोडच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये बाइक घालून बघा. मासा लागल्यावर हँडल हलत नाही.

७५ मीटर उगाच नाही म्हटलं, मुंबईसमोरचा समुद्र लांबपर्यंत उथळच आहे, बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर तरी पाणी एवढंच, कोळ्यांच्या मापात चाळीसेक वाव. त्यात उधाणाला पाण्याला ओढ एवढी असते की हलकी जिग तळाला लागतच नाही, तिरकी वाहत जाते, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तीच बरोबर बसते. दोरी जेवढी जाड तेवढं पाणी तिला जास्त ढकलतं, म्हणून बारीक पीई ब्रेड (विणलेली दोरी) लावायची. पीईचा आकडा जाडीचा नंबर, पीई १ म्हणजे ०.१६५ मिलिमीटर, पीई ४ त्याच्या चौपट नाही, दुप्पट जाड. नायलॉन इथे नको, ते रबरासारखं ताणतं, वर तुम्ही झटका देता आणि खाली जिग जागची हलत नाही.

दुकानात कोणी सांगत नाही ते हे, की दोरी जसजशी बाहेर जाते तसतसा ड्रॅग आपोआप वाढतो. ब्रेकची पकड तीच, पण स्पूलची त्रिज्या कमी झाली ना. भरलेल्या स्पूलची त्रिज्या ३ सेंटीमीटर असताना ड्रॅग ४ किलोवर लावला आणि माशाने दोरी नेऊन त्रिज्या २ वर आणली, की तोच ड्रॅग ६ किलो. नेमकं तेव्हाच दोरी तुटते आणि आपण दोरीच्या कंपनीला शिव्या घालतो. दोरी जेवढ्याला तुटते त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढाच ड्रॅग ठेवायचा, म्हणजे पंचवीस किलोचा आकडा बहुतेकांना कधी लागतच नाही.

मी आता घरीच मोजतो, बॅगा तोलायचा हुकवाला काटा दोरीला लावून, आधी भरलेल्या स्पूलवर आणि मग बरीचशी दोरी बाहेर काढून. परवा ती दोरी आमच्या चाळीच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चार येरझाऱ्या घालून पसरली होती, तेवढ्यात शेजारच्या काकू कपडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बांधलीस, चादरी कुठे वाळत घालू याच विचारात होते."