पीएचपीची स्ट्रिंग फंक्शन्स आणि देवनागरी : पार्श्वभूमी

पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेची मूळ स्ट्रिंग फंक्शन्स (मजकुरावर काम करणाऱ्या तयार आज्ञा) 1990च्या दशकातली आहेत आणि ती बाइट (मजकूर साठवण्याचं एकक) मोजतात. इंग्रजीत एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. म्हणून ‘मराठी’ची लांबी स्ट्रलेन हे मूळ फंक्शन 15 सांगतं, एमबी_स्ट्रलेन 5 (काना-वेलांटी सुटी धरून) आणि डोळ्यांना दिसणारं अख्खं अक्षर मोजणारं ग्राफीम_स्ट्रलेन 3. एमबीस्ट्रिंग या एक्स्टेन्शनमधली (वेगळ्या जोडभागातली) एमबी फंक्शन्स मुळात जपानी एन्कोडिंगसाठी आली. ग्राफीम फंक्शन्स 2009च्या 5.3 आवृत्तीपासून इंटल एक्स्टेन्शनमध्ये आहेत. दोन्ही एक्स्टेन्शन सर्व्हरवर चालू असतीलच असं नाही.

ही फाटाफूट एकदाच मिटवायचा बेत पीएचपी 6मध्ये होता. स्ट्रिंग आतून यूटीएफ-16मध्ये (बहुतेक चिन्हांना 2 बाइट घेणाऱ्या एन्कोडिंगमध्ये) ठेवायची आणि जुनीच फंक्शन्स अक्षरं ओळखतील अशी करायची, असं ठरलं होतं. अडचण अशी, की फाइल, डेटाबेस आणि ब्राउझर यांच्याकडून येणारा मजकूर बहुतेक यूटीएफ-8 असतो. आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा, असं रूपांतर प्रत्येक वेळी करावं लागणार होतं. साध्या इंग्रजी मजकुराची मेमरी दुप्पट होत होती. शिवाय शेकडो अंगभूत फंक्शन्स एकेक करून तपासायची होती. काम रेंगाळलं. नेमस्पेस आणि क्लोजर या भाषेच्या नव्या सोयी 5.3मध्ये हलवल्या गेल्या आणि 2010मध्ये युनिकोडची (जगातल्या लिप्यांसाठीच्या प्रमाण संकेतांची) शाखा सोडून देण्यात आली. 2014मध्ये मतदान होऊन 6 हा आकडाच वगळला गेला. 2015च्या डिसेंबरात थेट 7 आलं.

यूटीएफ-16 सोडणं तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं. पण त्यासोबत मूळ फंक्शन्सना अक्षरं शिकवण्याचा हेतूही सोडला गेला, आणि तो चुकीचा निर्णय होता. यूटीएफ-8वर तोच प्रयत्न करता आला असता. त्याची किंमत लॅटिन लिपीत न लिहिणाऱ्यांनीच मोजली.

बातमीचं शीर्षक सबस्ट्र या मजकूर कापणाऱ्या फंक्शनने 100 बाइटवर कापलं, की सलग देवनागरीत 33 चिन्हं आणि चौतिसाव्याचा एक बाइट उरतो. तो अर्धवट बाइट एचटीएमएलस्पेशलकॅर्स या, वेबपानावर दाखवण्याआधी मजकूर सुरक्षित करणाऱ्या फंक्शनकडे गेला, की 5.4 ते 8.0पर्यंतच्या आवृत्त्या मूळ सेटिंगमध्ये सरळ रिकामी स्ट्रिंग परत देतात: शीर्षकच गायब, एररही नाही. 8.1पासून त्या जागी बदली चिन्ह येतं, म्हणजे निदान चूक दिसते. मजकूर जेसन या देवाणघेवाणीच्या स्वरूपात बदलणारं जेसन_एन्कोड अशा स्ट्रिंगवर फॉल्स (अपयशाची खूण) देतं.

मजकुराच्या दोन्ही टोकांची नको असलेली चिन्हं काढणाऱ्या ट्रिमचा घोळ याहून वाईट. दंड (।) काढायला तो ट्रिमच्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये दिला, तर ट्रिम त्याचे ई0, ए5, ए4 हे तीन बाइट सुटे धरतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ई0पासूनच सुरू होतं. मग ‘मराठी’तल्या म चे पहिले दोन बाइट उडतात आणि ओळीच्या सुरुवातीला कचरा उरतो. एमबी_ट्रिम 2024च्या 8.4मध्ये आलं, त्याआधीच्या आवृत्तीत यू मॉडिफायर लावून (म्हणजे मजकूर यूटीएफ-8 धरून) प्रेग_रिप्लेस हे शोधून बदलणारं फंक्शन वापरावं.

मधल्या काळात एक पळवाट होती. एमबीस्ट्रिंगचं फंक ओव्हरलोड सेटिंग चालू केलं, की स्ट्रलेनच्या जागी गुपचूप एमबी_स्ट्रलेन चालायचं. ज्या लायब्ररीला खरोखर बाइट मोजायचे असत, उदाहरणार्थ उत्तराची बाइटमधली लांबी ब्राउझरला सांगणाऱ्या कन्टेन्ट-लेन्ग्थ हेडरसाठी, तिचा आकडा मग कमी यायचा आणि उत्तर अर्धवट पोचायचं. 7.2मध्ये ते कालबाह्य ठरलं, 8.0मध्ये काढलं गेलं.

कापाकापीसाठी एमबी_सबस्ट्रही पुरेसं नाही: ‘मराठी’ची पहिली दोन चिन्हं घेतली तर ‘मर’ उरतं, काना पडतो. ग्राफीम_सबस्ट्र ‘मरा’ देतं. जोडाक्षरांचा नियम मात्र युनिकोड 15.1मध्ये, 2023 साली बदलला. त्यामुळे ‘क्षत्रिय’ची लांबी जुन्या आयसीयूवर (इंटल ज्यावर चालतं ती युनिकोडची लायब्ररी) 5 येते आणि नव्यावर 3. लांबीची मर्यादा दोन सर्व्हरवर तपासली जात असेल, तर आधी दोन्हीकडची आयसीयूची आवृत्ती पाहावी.