शिगेटा, जेम्स

शिगेटा, जेम्स : (१७ जून १९२९ – २८ जुलै २०१४). जपानी वंशाचे अमेरिकन चित्रपट अभिनेते व गायक. ‘डाय हार्ड’ (१९८८) पाहिलेल्यांना नाकातोमी कंपनीचे प्रमुख ताकागी आठवत असतील. पिस्तूल समोर असतानाही आवाज न चढवणारा, तिजोरीचा संकेतशब्द न देणारा आणि त्यापायी प्राण गमावणारा तो वयस्कर गृहस्थ म्हणजे शिगेटा. त्याच्या जवळपास तीस वर्षे आधी हेच अभिनेते हॉलिवूडमध्ये प्रेमपटांचे नायक होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

त्यांचा जन्म हवाईतील होनोलुलूचा. शिक्षण न्यूयॉर्क विद्यापीठात झाले. टेड मॅक यांच्या हौशी कलावंतांच्या दूरचित्रवाणी स्पर्धेत गायक म्हणून त्यांनी बाजी मारली. पुढे कोरियन युद्धाच्या काळात ते मरीन दलात होते. युद्धानंतर जपानमध्ये गायक म्हणून त्यांना मोठी लोकप्रियता मिळाली. वाढले अमेरिकेत, त्यामुळे जपानी भाषा त्यांना तिथे गेल्यावर शिकावी लागली. पुढच्या कारकिर्दीकडे पाहताना हे विसरून चालत नाही, कारण पडद्यावर ‘परका’ म्हणून उभा केलेला हा माणूस भाषेने आणि वळणाने पुरता अमेरिकन होता.

सॅम्युएल फुलर दिग्दर्शित ‘द क्रिमझन किमोनो’ (१९५९) हा त्यांचा पहिला हॉलिवूडपट. लॉस एंजेलिसच्या ‘लिटल टोकियो’ वस्तीत एका नर्तकीच्या खुनाचा तपास जो कोजाकू (शिगेटा) आणि चार्ली (ग्लेन कॉर्बेट) हे दोघे पोलीस करतात. युद्धात जोने आपले रक्त देऊन चार्लीला वाचवलेले असते. दोघे राहतातही एकत्र. क्रिस्टीन (व्हिक्टोरिया शॉ) या चित्रकर्तीवर दोघांचेही मन जडते आणि ती जोला निवडते. केंडोच्या (मुखवटा घालून खेळल्या जाणाऱ्या जपानी तलवारबाजीच्या) सामन्यात जो सगळे नियम सोडून मित्राला झोडपतो तो प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. चेहरा मुखवट्याआड झाकलेला, त्यामुळे सगळा अभिनय खांद्यांचा आणि हातांचा. त्यानंतर तो क्रिस्टीनबद्दल कबुली देतो, तेव्हा चार्लीच्या चेहऱ्यावर त्याला वंशद्वेष दिसतो; प्रत्यक्षात तो असतो साधा मत्सर. जन्मभर सोसलेल्या अपमानांनी माणसाची नजर कशी गढूळ होते, हे शिगेटा यांनी एकही आक्रस्ताळे वाक्य न उच्चारता दाखवले आहे. गोरा पोलीस जरा वाईट दाखवावा, म्हणजे मुलीची निवड प्रेक्षकांना पटेल, असा स्टुडिओचा आग्रह फुलर यांनी मानला नाही. जाहिरातीत मात्र ‘जपानी तरुणाच्या मिठीत अमेरिकन सुंदरी’ हेच चविष्टपणे विकले गेले.

चित्रपटाची वेळ महत्त्वाची आहे. मूकपटांच्या काळात सेसुए हायाकावा हे जपानी अभिनेते ‘द चीट’मुळे (१९१५) बडे तारे झाले होते. पण पुढे निर्मिती संहितेने, म्हणजे हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, भिन्न वंशीयांचे प्रेमसंबंध पडद्यावरून हद्दपार केले. नियमाचा रोख मुख्यतः कृष्णवर्णीयांवर असला, तरी स्टुडिओंनी तो आशियाई कलावंतांनाही लावला. ‘द गुड अर्थ’मधील (१९३७) चिनी शेतकऱ्याच्या बायकोची भूमिका चिनी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग यांना न मिळता गोऱ्या लुईझ रायनर यांना मिळाली आणि त्या भूमिकेवर रायनर यांनी ऑस्कर पटकावले. ही बंदी १९५६ मध्ये संहितेतून निघाली. त्या फटीतून शिगेटा आत आले.

त्यानंतरची तीन वर्षे त्यांची होती. १९६० मध्ये नवोदित अभिनेत्यासाठीचा गोल्डन ग्लोब त्यांना जॉर्ज हॅमिल्टन, ट्रॉय डॉनह्यू आणि बॅरी को यांच्यासोबत विभागून मिळाला. ‘वॉक लाइक अ ड्रॅगन’ (१९६०), ‘क्राय फॉर हॅपी’, ‘फ्लॉवर ड्रम साँग’ आणि ‘ब्रिज टू द सन’ (तिन्ही १९६१) हे चित्रपट ओळीने आले. ‘फ्लॉवर ड्रम साँग’मध्ये सहकलाकार नॅन्सी क्वान यांच्या गाण्यांना उसना आवाज होता, शिगेटा स्वतः गायले. ‘ब्रिज टू द सन’मध्ये त्यांनी हिदेनारी तेरासाकी या खऱ्या जपानी मुत्सद्द्याची भूमिका केली. तेरासाकींच्या अमेरिकन पत्नी ग्वेन यांच्या आत्मकथेवरचा हा चित्रपट. युद्धामुळे कात्रीत सापडलेला नवरा, पत्नीच्या भूमिकेतील कॅरोल बेकरसमोर कधी हुकमी तर कधी हतबल होणारा, हे माझ्या मते त्यांचे सर्वांत पूर्ण काम आहे. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही.

आणि मग दार बंद झाले. शिगेटा कुठे चुकले, हा प्रश्नच गैरलागू आहे. चेहरा, आवाज, सहजता, पुरस्कार, मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट, सगळे त्यांच्यापाशी होते. नव्हती ती पुढची पटकथा. त्यांच्यासाठी लिहिलेली प्रत्येक कथा वंशाच्याच प्रश्नाभोवती फिरे. निव्वळ प्रियकर, वकील किंवा डॉक्टर म्हणून नायकपद द्यायला कुणी तयार नव्हते. अमेरिकेच्या कित्येक राज्यांत आंतरवंशीय विवाहबंदी १९६७ पर्यंत कायद्यानेच होती, हेही ध्यानात घ्यावे. ‘पॅरडाइज, हवाईयन स्टाइल’मध्ये (१९६६) ते एल्व्हिस प्रेस्लीचे मित्र झाले. ‘लॉस्ट होरायझन’च्या १९७३ च्या आवृत्तीत तर त्यांच्या वाट्याला एक दुय्यम भिक्षू आला आणि चँग या आशियाई पात्राची भूमिका जॉन गिलगुड या इंग्रज नटाने केली. ‘वॉक लाइक अ ड्रॅगन’मधील त्यांचे सहकलाकार जॅक लॉर्ड ‘हवाई फाइव्ह-ओ’ मालिकेमुळे घराघरांत पोहोचले. होनोलुलूत जन्मलेले शिगेटा त्याच मालिकेत पाहुणे कलाकार होते.

‘मिडवे’मधील (१९७६) अ‍ॅडमिरल नागुमो आणि ‘मुलान’मधील (१९९८) जनरल ली यांचा आवाज ही त्यांची नंतरची उल्लेखनीय कामे. त्यांची नव्याने ओळख करून घ्यायची असेल, तर ‘द क्रिमझन किमोनो’पासून सुरुवात करावी आणि लगेच ‘ब्रिज टू द सन’ पाहावा.