नायलॉनमधून गेलेले पाणी परत येते तेव्हा

अमेरिकेत अ‍ॅरिझोनात राहणाऱ्या एका मित्राने मध्यंतरी पंचवीस वर्षांची जुनी फोर-बाय-फोर गाडी विकत घेतली. गाडी तपासणाऱ्या मेस्त्रीने पहिल्याच दिवशी त्याला सांगितले की, बाकीचे सगळे सावकाश झाले तरी चालेल, पण हिटरच्या होजपाइपांच्या प्लॅस्टिकच्या जोडण्या आधी बदलून घ्या. मित्राचा फोन आला तो याच तक्रारीसह. “अरे, इथे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश तापमान असते, मी हिटर लावतो कशाला? जे वापरातच नाही, ते झिजेल कसे?”

प्रश्न वरवर बिनतोड आहे, आणि जुनी गाडी घेणारे अनेक जण तो विचारतात. त्याचे उत्तर मात्र गाडीपेक्षा रसायनशास्त्रात अधिक दडलेले आहे, आणि ते मला इतके आवडते की लेखाचा मोठा भाग त्यावरच खर्च होणार, हे आधीच कबूल करतो.

हिटर म्हणजे गाडीतली वेगळी शेगडी नव्हे. इंजिन थंड ठेवण्यासाठी त्याच्याभोवती जे कूलंट फिरते, त्याचाच एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरकडे नेलेला असतो, आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. मोठ्या गाड्यांत मागच्या आसनांसाठी आणखी एक हिटर असतो. टोयोटाची लँड क्रूझर १०० ही १९९८ ते २००७ या काळातली गाडी याचे नेहमीचे उदाहरण आहे. तिच्या मागच्या हिटरवाल्या प्रकारांत, इंजिनाच्या पाठीमागे फायरवॉलजवळ (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्याजवळ), जाणाऱ्या आणि परतणाऱ्या अशा दोन्ही नळ्यांना फाटा फोडावा लागतो, आणि तिथे इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराच्या दोन प्लॅस्टिकच्या जोडण्या बसवलेल्या असतात. या गाड्यांच्या जाणकार मालकांमध्ये ‘हिटरचे टी’ एवढे म्हटले तरी पुरते, आणि वयानुसार ते बदलणे हा देखभालीचा नेहमीचा भाग मानला जातो.

आता हिटरचे बटण बंद असले तरी या टीमधले कूलंट इंजिनाच्याच व्यवस्थेचा भाग असते. इंजिन चालू आहे तोवर ते नव्वद अंश सेल्सियसच्या आसपास तापते, आणि रेडिएटरच्या झाकणामुळे सगळ्या व्यवस्थेत वातावरणापेक्षा सुमारे एक बार (म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाइतका) जास्त दाब राहतो. दाब ही एकाच नळीची खासगी मालमत्ता नसते. बंदिस्त द्रवात तो सगळीकडे पोहोचतो. म्हणजे हिटर कधीही न लावणाऱ्याच्या गाडीतही ते दोन टी रोज गरम पाण्यात उकडत असतात.

हा दाब तसा फार मोठा नाही. नळीचा आतला व्यास साधारण सोळा मिलिमीटर धरला, तर टीच्या एका तोंडावर पडणारे बल दोन-सव्वादोन किलो वजनाइतके भरते. नवा टी एवढे सहज पेलतो. त्यावर होजक्लिपची आवळ आणि खडबडीत रस्त्यावरची थरथर आली तरी त्याचे काही बिघडत नाही. मग वीस वर्षांनी तोच टी हात लागताच कुरडईसारखा का मोडतो?

कूलंटच्या वाटेवरच्या अशा भागांसाठी उद्योगात सर्रास वापरले जाणारे प्लॅस्टिक म्हणजे काचतंतू मिसळलेले नायलॉन ६६. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने ते प्रथम तयार केले, तो दिवस होता २८ फेब्रुवारी १९३५. (आपण हीच तारीख राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो, पण ती १९२८ च्या रामन परिणामासाठी; हा निव्वळ योगायोग.) नायलॉन ६६ साठी दोन प्रकारचे रेणू लागतात. एकाच्या दोन्ही टोकांना अमाइन गट असतो, दुसऱ्याच्या दोन्ही टोकांना आम्लाचा गट, आणि दोघांतही कार्बनचे सहा-सहा अणू असतात. ‘६६’ या नावाचा उगम तोच. अमाइन आणि आम्ल यांची टोके एकमेकांना भेटली की त्यांच्यात अमाइड बंध तयार होतो आणि प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. असे बंध एकापुढे एक जुळत गेले की रेणूंची लांब साखळी बनते, आणि अशा साखळ्या म्हणजेच नायलॉन. हे पाणी काढून टाकले नाही तर साखळी लांबतच नाही, हे कॅरोथर्स यांच्या गटाने आधीच ओळखले होते.

इथेच सगळी गंमत आहे. शाळेत शिकवलेले आठवत असेल, तर अशा अभिक्रिया दोन्ही दिशांनी जाऊ शकतात. पाणी काढले की साखळी जुळते; भरपूर पाणी आणि उष्णता पुन्हा दिली, तर तेच पाणी बंधात शिरून त्याची पुन्हा दोन टोके करून टाकते. याला जलअपघटन म्हणतात. नायलॉनचा टी कूलंटमध्ये बुडवून ठेवणे म्हणजे, ज्याला घराबाहेर काढून घर बांधले, त्यालाच रोज उंबऱ्याशी आणून बसवण्यासारखे आहे. कूलंटमध्ये साधारण अर्धे पाणी आणि अर्धे इथिलिन ग्लायकॉल असते, त्यामुळे पाण्याचा तुटवडा कधी पडत नाही.

मग नायलॉनचा टूथब्रश रोज भिजूनही का विरघळत नाही? झाडावर अडकलेला नायलॉन मांजा कित्येक पावसाळे पक्ष्यांचे पंख कापत का लटकत राहतो? याचे उत्तर वेगात आहे. आपल्या शरीरातील प्रथिनांनाही याच जातीचा बंध जोडतो, आणि उत्प्रेरकाच्या मदतीशिवाय, साध्या तापमानाच्या पाण्यात असे निम्मे बंध तुटायला शेकडो वर्षे लागतात. (म्हणूनच जेवण पचवण्यासाठी आपल्या पोटाला विकरे लागतात.) पण अशा अभिक्रियांचा वेग तापमान दर दहा अंशांनी वाढले की ढोबळमानाने दुप्पट होतो. पंचवीस अंशांपासून पंचाण्णव अंशांपर्यंत सात पायऱ्या होतात, आणि दोनचा सातवा घात १२८ भरतो. शेकडो वर्षांना १२८ ने भागून पाहिले, की उत्तर गाडीच्या आयुष्याच्या मापात येऊन बसते. हिशेब ढोबळ आहे, पण मित्राच्या ‘मी हिटर लावत नाही’ या युक्तिवादाला तो पुरेसा आहे. इंजिन चालते म्हणजे टीचे तास भरतात.

यापुढचा भाग जरा अवघड आहे, पण तो सोडला तर टी मोडतो कसा हे कळणार नाही. टी मोडण्यासाठी सगळे बंध तुटण्याची गरज नसते, निम्मेही नको. नायलॉनच्या एका साखळीचा रेणुभार सुमारे अठरा हजार धरू. तिच्या एका आवर्ती घटकाचा, म्हणजे साखळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याचा, भार २२६ असतो, म्हणजे एका साखळीत साधारण ऐंशी घटक आणि प्रत्येकात दोन याप्रमाणे एकशेसाठ अमाइड बंध होतात. सरासरीने प्रत्येक साखळीत एकच बंध तुटला, तरी साखळ्यांची संख्या दुप्पट होते आणि सरासरी लांबी निम्मी. एकशेसाठांत एक, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. प्लॅस्टिकचे वजन तेच राहते, आकारही तोच. आतले धागे मात्र अर्धे झालेले असतात.

धाग्यांच्या लांबीला एवढे महत्त्व कशासाठी, हे हाताने वळलेल्या शेवयांवरून समजते. लांब शेवया शिजवून चमच्याने उचलल्या तर सगळा गुंता एकत्र वर येतो, कारण प्रत्येक शेवई दहा जणींत अडकलेली असते. त्याच शेवया आधी बारीक मोडून शिजवल्या तर चमच्यात चिमूटभर येतात आणि बाकीच्या खाली गळतात. नायलॉनची चिवटता अशीच गुंत्यातून येते. ताण पडला की लांब साखळ्या एकमेकींतून हळूहळू सरकतात, वस्तू थोडी वाकते, ऊर्जा त्यात खर्च होते, आणि तडा पुढे सरकत नाही. साखळीची लांबी एका मर्यादेखाली गेली की गुंता उरत नाही, आणि मग तडा एकदा सुरू झाला की तो थेट आरपार जातो. म्हणूनच हे भाग ‘थोडे थोडे’ खराब होताना दिसत नाहीत. बरीच वर्षे काही होत नाही आणि मग एका दिवशी सगळे होते.

त्यातही दोन गोष्टी भर घालतात. पहिली म्हणजे बंध तुटल्यावर मोकळे होणारे एक टोक आम्लाचे असते, आणि आम्ल हे जलअपघटनाचे उत्प्रेरक आहे. म्हणजे तुटलेला बंध पुढच्याला तोडायला हातभार लावतो. कूलंट वर्षानुवर्षे बदलले नाही तर ग्लायकॉलचेही ऑक्सिडीकरण होऊन त्यात आम्ले तयार होतात. दुसरी गोष्ट काचतंतूंची. टीला ताठपणा यावा म्हणून नायलॉनमध्ये केसापेक्षा कितीतरी बारीक काचतंतू मिसळतात आणि ते प्लॅस्टिकला घट्ट धरून राहावेत म्हणून त्यांवर एक लेप दिलेला असतो. गरम पाणी या लेपाची पकडही सैल करते. मग तंतू आत असतात, पण भार घेत नाहीत. साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दोन बाजूंनी येऊन जिथे मिळते, त्या रेषेवर तर हे तंतू मुळातच पलीकडे जात नाहीत. उरलेला ताण टीच्या आतल्या कोपऱ्यांत साठतो.

वेळेवर बदलून काढलेला असा एक टी माझ्या टेबलावर आहे. मूळचा काळा रंग फिकट करडा पडला आहे, आणि बोट फिरवले तर पांढरट भुकटी लागते. नव्या टीचे तोंड पक्कडीत धरून दाबले, तर ते थोडे चपटे होते आणि सोडल्यावर परत गोल होते. जुन्याचे तोंड दाबल्यावर बिस्किटासारखा कट्‌ असा आवाज आला आणि तुकडा टेबलाखाली उडाला. तुटलेली कड भिंगातून पाहिली तर काचतंतूंची टोके दाढीच्या खुंटांसारखी उघडी दिसतात. नायलॉन त्यांना सोडून गेलेले असते.

गाडीत हा कट्‌ आवाज झाला तर ऐकू येत नाही. टी इंजिनाच्या मागे असतो, कूलंट दाबाने काही मिनिटांत बाहेर जाते, आणि दाब गेल्यामुळे उरलेलेही उकळू लागते. त्यात तापमानाचा काटा दगा देऊ शकतो, कारण त्याचा संवेदक द्रवात बुडालेला राहील असे गृहीत धरलेले असते; भोवती नुसती वाफ आणि हवा उरली की तो खरे तापमान वेळेवर सांगत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तेवढ्यात वाकू शकते. काही डॉलरच्या तुकड्यापायी इंजिन उघडावे लागते, तेही बहुधा वाळवंटातल्या एखाद्या निर्जन रस्त्यावर.

अशा वेळी आपल्याकडच्या हमरस्त्यांवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना जुगाड चालतो. त्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. हळदीची पूड गरम पाण्यात फुगते आणि केसाएवढी भेग काही काळ बुजवते. पण भेग आणि हिटरची बारीक नळी यांतला फरक हळदीला कळत नाही, आणि मोडलेल्या टीपुढे तर तिचा काहीच उपाय चालत नाही. बाटलीबंद ‘लीक-स्टॉप’ची महागडी द्रावणे हे त्याच हळदीचे सुटाबुटातले भावंड होय. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीबद्दल एवढेच म्हणता येईल की, ती निदान कूलंटमध्ये मिसळत नाही.

बदलण्याचे काम अवघड नाही, फक्त अडचणीच्या जागी आहे. इंजिन पूर्ण थंड असल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. जुना होजपाइप ओढून, पिळून काढण्याचा मोह टाळावा, कारण तो हिटरच्या पातळ नळीला चिकटलेला असतो आणि ओढाताणीत ती नळी वाकली तर डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते. पाइपला लांबीच्या दिशेने चीर देऊन तो सोलून काढावा. नवा पाइप चढवताना तेल किंवा ग्रीस लावू नये. हे पाइप ज्या ईपीडीएम रबराचे असतात, त्याला पाणी काही करत नाही, कारण त्याच्या साखळीत पाण्याने तुटणारा बंधच नसतो, पण खनिज तेलाने ते फुगते. थोडे कूलंट लावले की पाइप सहज सरकतो. क्लिप टीच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे. स्प्रिंगची क्लिप मला पेचाच्या क्लिपपेक्षा बरी वाटते, कारण रबर गरम-थंड होऊन दबले तरी ती आपोआप आवळत राहते. पेचाची क्लिप बसवणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असते, आणि मनगटात जोर जास्त असला तर नवा टीही पहिल्याच दिवशी तडकतो.

पितळेचे टी बसवावेत, म्हणजे कायमची कटकट मिटेल, असे बरेच जण सांगतात. पितळ मोडणार नाही हे खरे. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे रबर कधी ना कधी बदलावेच लागते, आणि ‘जन्मभराचा’ भाग बसवला की माणूस त्या कोपऱ्यात डोकावणेच सोडून देतो. आठ-दहा वर्षांनी पाइप बदलताना त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकचे नवे टी बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मित्राने मात्र पितळेचेच घेतले. गाडी त्याची आहे.

कूलंट भरताना गाडीचे तोंड चढावर ठेवावे, हिटर पूर्ण गरम करावा आणि इंजिन सावकाश चालू ठेवून हवेचे बुडबुडे निघेपर्यंत वरून भरत राहावे. पंचेचाळीस अंशांच्या अ‍ॅरिझोनातही या एका दुपारी हिटर लावावाच लागतो. सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे, कारण ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. काम संपल्यावर होजपाइपावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून त्यावर महिना आणि वर्ष लिहून ठेवावे, कारण टीकडे नुसते पाहून त्याचे वय सांगता येत नाही.