ताफ्याला सोबत की रस्त्यावर ताबा?

युद्धात मदतीचे ट्रक अडले आणि 'शांतिसेना वाढवा' अशी मागणी आली, की लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या हेल्मेटवाल्या शांतिसैनिकांकडे बंदूक असतेच, मग अडवणाऱ्याला बाजूला का सारत नाहीत? कारण मदतीला संरक्षण द्यायचे दोन प्रकार आहेत आणि बातमीत ते सर्रास एक होऊन येतात.

2016 च्या दुष्काळात लातुरात टँकर भरण्याच्या जागी 144 कलम लावलं होतं, ते आठवा. टँकरवर एक हवालदार बसवणं वेगळं आणि अख्ख्या परिसरात जमावबंदी करणं वेगळं. पहिल्या प्रकारात लोकांनी वाट दिली तरच गाडी हलते.

बोस्निया हा हवालदाराचा प्रकार. 1992 मध्ये तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे पहिले सेनापती आपले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार होते, मूळचे मराठा लाइट इन्फंट्रीचे. दल उभं राहिलं ते शेजारच्या क्रोएशियासाठी. जूनमध्ये त्याच्या गळ्यात बोस्नियाच्या राजधानीचा, सारायेव्होचा विमानतळ पडला आणि सप्टेंबरात, सुरक्षा परिषदेच्या 776 क्रमांकाच्या ठरावाने, मदतीच्या ताफ्यांची राखण. गोळी फक्त स्वसंरक्षणासाठी. गंमत अशी, की कोणी बळजबरीने काम अडवलं तर त्याला उत्तर देणंही कागदावर स्वसंरक्षणातच बसत होतं. प्रत्यक्षात प्रत्येक नाक्यावर थांबायचं, कागद दाखवायचे, घासाघीस करायची. आज एका नाक्यावर गोळी झाडली, तर उद्या पुढच्या दहा नाक्यांवर ट्रक अडणार, हे अधिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. जानेवारी 1993 मध्ये बोस्नियाचे उपपंतप्रधान हाकिया तुरायलिच विमानतळावरून शहरात परतत होते, तेही दलाच्या चिलखती गाडीत, फ्रेंच सैनिकांच्या सोबतीने. बोस्नियाच्या सरकारशी लढणाऱ्या सर्ब सैनिकांनी गाडी अडवली. मागचं दार उघडलं गेलं आणि दारातूनच त्यांना गोळ्या घातल्या. ही सोबतीची हद्द.

दुसरा प्रकार 1992 च्या अखेरीस सोमालियात दिसला. संयुक्त राष्ट्रांनी आधी पाठवलेले पाचशे पाकिस्तानी सैनिक मोगादिशूच्या विमानतळावरच अडकून पडले होते आणि धान्य टोळ्या लुटत होत्या. 3 डिसेंबर 1992 ला सुरक्षा परिषदेने 794 क्रमांकाचा ठराव केला: संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं सातवं प्रकरण, म्हणजे लागेल ते बळ वापरण्याची मुभा. सैन्य अमेरिकेच्या नेतृत्वाखालचं, हुकूमही तिचाच. निळ्या हेल्मेटचा तिथे संबंध नाही. या सैन्याने टोळ्यांची परवानगी मागितली नाही. बंदर, विमानतळ, आतल्या बैदोआ शहराचा रस्ता सरळ ताब्यात घेतला आणि धान्य पोचलं. पुढे मे 1993 मध्ये काम पुन्हा संयुक्त राष्ट्रांकडे आलं, या वेळी टोळ्यांची शस्त्रं काढून घेण्याच्या जबाबदारीसकट. 5 जूनला 24 पाकिस्तानी सैनिक मारले गेले. ज्याचा रस्ता बळाने घेतला, तो शत्रू होणारच. याची किंमत न सांगता 'थेट कारवाई करा' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

'वाढवा' म्हणजे नेमकं काय, हेही विचारायला हवं. काम, अधिकार की माणसं? 1993 मध्ये स्रेब्रेनिकासह बोस्नियातली सहा ठिकाणं 'सुरक्षित क्षेत्रं' ठरली. धाक बसवायला सुमारे 34,000 जादा सैनिक लागतील, असा महासचिवांचा अहवाल होता. परिषदेने सुमारे 7,600 मंजूर केले. जुलै 1995 मध्ये स्रेब्रेनिकात आठेक हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेव्हा तिथे हलक्या शस्त्रांचे काही शे डच सैनिक होते.

मदत वाटणाऱ्यांना तरी ही राखण हवी असते का? नेहमी नाही. ट्रकपुढे चिलखती गाडी दिसली की ट्रकही एका बाजूचा समजला जातो, म्हणून रेड क्रॉस सहसा बंदुकीची सोबत घेत नाही. सोमालियात मात्र तिलाही स्थानिक बंदूकवाले पैसे देऊन ठेवावे लागले होते.