कारखान्यातील स्त्रिया आणि नवकल्पना (मराठवाडा)

पुरुषांचे मानल्या गेलेल्या कारखान्यात स्त्रिया यंत्रात, फिक्सचरमध्ये (काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीत) किंवा कामाच्या पद्धतीत जे बदल करतात ते, आणि त्या बदलांना सुधारणा म्हणून मिळणारी किंवा न मिळणारी मान्यता, असा हा विषय आहे. मराठवाड्यात तो मुख्यतः छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत दिसतो. 1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुट्या भागांचे लहानमोठे उद्योग त्याच्या आजूबाजूला वाढले. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टी पुरुषांकडे, लातूरच्या डाळ मिलमध्ये निवडणी बायकांकडे, ही वाटणी सर्वांच्या अंगवळणी पडलेली.

वाळूजच्या शेडमध्येही बाई बहुधा असेंब्ली, तपासणी किंवा पॅकिंगवर असते. टूल रूम आणि मेंटेनन्स पुरुषांचे. सुधारणा सुचते ती यंत्र उघडून पाहणाऱ्याला, आणि यंत्र उघडण्याची मुभाच बाईला फारशी नव्हती. यात कायद्याचाही हात होता. 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 22 ने स्त्रियांना चालू यंत्राची सफाई, वंगण आणि जुळवणी करण्यास मनाई केली होती. कलम 66 ने त्यांची पाळी सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्यात बसवली. हेतू संरक्षणाचा होता. पण रात्रपाळीत यंत्र बंद पडल्यावर फिटरच्या शेजारी उभे राहून जे शिकता येते, ते बाईच्या वाट्याला आले नाही. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायदा दुरुस्त करून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली.

चूक होऊच नये अशी रचना करण्याच्या तंत्राला आज जगभर पोका-योके म्हणतात. ते नावसुद्धा एका कामगार स्त्रीमुळे आले. आधीचा शब्द होता बाका-योके. बाका म्हणजे मूर्ख. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी सांगितलेल्या हकिकतीनुसार, 1963 च्या सुमारास एका मोटार-बॉडी कारखान्यात असे साधन बसवले, तेव्हा तिथली कामगार बाई ‘मी काय मूर्ख आहे का?’ म्हणून रडली. मग शब्द बदलला. तिचे नाव मात्र सहसा कुठे येत नाही.

सूचना पेटी, कायझेन (कामात सतत छोट्या सुधारणा करण्याची पद्धत), क्वालिटी सर्कल (कामातल्या अडचणी सोडवण्यासाठी एकत्र बसणारा कामगारांचा लहान गट) या वाटा कागदावर सर्वांना खुल्या असतात. (भारतात पहिले क्वालिटी सर्कल 1980 मध्ये भेल या सरकारी कंपनीच्या हैदराबादच्या कारखान्यात सुरू झाले.) प्रत्यक्षात कायझेनचा फॉर्म बऱ्याचदा सुपरवायझर भरतो, ठेकेदाराकडची कामगार बक्षिसाच्या यादीत बसत नाही, आणि सर्कलची बैठक पाळी सुटल्यावर असते. त्या दिवशी नळाला पाणी येणार असेल, तर बैठकीला कोण थांबणार?

फिक्सचरची उंची हे साधे उदाहरण. ती पुरुषाच्या बेताने ठरलेली असते. कोपर खांद्याच्या वर जाते, तासाभरात मान धरते, नग हळू निघतात. मग बाई तुटक्या पॅलेटची फळी पायाखाली घेते, तिच्यावर गोणपाट टाकते, आणि नगांचा आकडा पुन्हा जमतो. पुरुषाने स्टँड वेल्ड करून घेतला असता तर त्याचा ‘आधी-नंतर’ फोटो बोर्डावर लागला असता. फळीला जुगाड म्हणतात, आणि ऑडिटच्या दिवशी ती लाईनवरून उचलली जाते.